पट्टण पंचायत व्हायचंय, पण हद्द कुठवर घ्यायची?

शिवारकर (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, शहराला जवळजवळ टेकलेलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विषय अजून तापलेला आहे आणि इथे लिहिलेलं संध्याकाळपर्यंत देवळाच्या कट्ट्यावर पोचतं.

ग्रामपंचायतीला आता शहरातून आलेल्या वस्तीचा भार झेपत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडले, भाताच्या वाफ्यांत तीन-तीन मजली घरं उभी राहिली आणि त्यांचं सांडपाणी गटार नसल्यानं खालच्या शिवारात उतरतं. म्हणून पट्टण पंचायतीचा, म्हणजे नगरपंचायतीचा, दर्जा मागायचं चाललंय. ते मला मनापासून पटतं.

अडलंय ते हद्दीवर. कच्चा नकाशा फिरतोय त्यात तीन गावं घेतली आहेत. एक आमचं. दुसरं रस्त्यापलीकडचं, त्याची घरं आणि आमची घरं आता एकच झाली आहेत. तिसरं नाल्याच्या पल्याड, सगळी शेतकरी वस्ती, मधे भाताची सलग शेतं. तिसऱ्या गावाला कुणी विचारलेलं नाही. ‘आकडा भरायला ते लागतं’ एवढंच उत्तर मिळतं.

माझं मत: हद्द नाल्याशी थांबावी, तिसरं गाव बाहेर राहावं. पण मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हद्द पूर्ण महसूल गावानुसार घ्यावी की वस्तीपुरते सर्व्हे नंबर उचलावेत? आणि ज्यांच्या गावाचं असं झालंय त्यांना नंतर काय भोगावं लागलं?

जुनं दप्तर:
पंचायतीत आयुष्य गेलं, म्हणून नियम आधी सांगतो.

कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४, कलम ३४९. गावाचं शहर होत असलेल्या भागाला पट्टण पंचायत मिळते. लोकसंख्या १०,००० ते २०,०००. घनता चौरस किलोमीटरला किमान ४००. आणि एकूण रोजगारात शेतीबाहेरचा रोजगार निम्म्याहून कमी नको. २०,००० च्या वर गेलात तर पुरसभेचे (त्यावरच्या पायरीच्या नगरपालिकेचे) निकष लागतात, तिथे घनता थेट १,५०० मागतात.

आता लोकसंख्या म्हणजे तुमच्या गावात आज किती माणसं आहेत ते नव्हे. शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचा आकडा धरतात, म्हणजे अजून २०११. त्यानंतर आलेली सगळी वस्ती कागदावर नाहीच. तिसरं गाव का ओढलं जातंय ते इथे कळतं.

पण नकाशा काढणाऱ्यांनी दुसरी बाजू पाहिलेली दिसत नाही. १०,००० माणसं २५ चौरस किलोमीटरमध्ये असली की घनता बरोबर ४००. त्यात आणखी मोठं शिवार घातलं की घनता खाली येते, आणि शेतकऱ्यांची संख्या वाढल्यानं ५० टक्क्यांची अटही हलते. म्हणजे जे गाव एका अटीसाठी घेतलं तेच बाकीच्या दोन अटींत आड येणार. हिशेब तिन्ही अटींचा एकदम करावा लागतो.

मार्कंडेयकाठ:
शिवारकर भाऊ, तुमच्या त्या तिसऱ्या गावासारखंच आमचं गाव. आमाला कुणी इचारत न्हाई, हे अगदी खरं लिवलासा.

आमच्यात निम्म्या बायका उद्योग खात्रीवर, म्हंजे रोजगार हमीवर, जातात. शेताची बांधबंदिस्ती, तळ्यातला गाळ काढणं, पाणंदीचं काम, सगळं त्यातनं. पट्टण पंचायत झाली की ते बंद. ती योजनाच खेड्यासाठी हाय. नळाचं पाणी जलजीवनमधनं आलं, तेबी खेड्यासाठी. घरकुलाची यादी ग्रामीणची येगळी, शहरची येगळी. आमची नावं कुठल्या यादीत जाणार? शहरातल्या गटारीसाठी आमच्या बायकांचा रोज बुडवायचा व्हय?

प्लॉटवाले_आम्ही:
नाण्याला दुसरी बाजूही आहे. आम्ही रस्त्याकडेच्या लेआउटमध्ये राहतो. शहरात घर परवडत नाही म्हणून इकडे आलो, पोरं इथल्याच शाळेत घातली. पावसाळ्यात दारापुढे गुडघाभर पाणी. पथदिवे वर्गणी काढून लावले. कचरा गाडी येत नाही, म्हणून लोक नाल्याच्या पुलाखाली टाकतात आणि मग तेच तुमच्या शेतात जातं. शेतकऱ्यांचा राग मला समजतो.

पंचायतीकडे विचारलं तर ना माणूस ना पैसा. आम्हाला मुख्याधिकारी हवा, अभियंता हवा, आरोग्य निरीक्षक हवा. पट्टण पंचायतीशिवाय ते येणार कुठून? शिवाय घराची कागदपत्रं सरळ होतील. बँक फॉर्म ९ आणि ११ (ग्रामपंचायतीचे मालमत्तेचे उतारे) मागते, आमच्या अर्ध्या गल्लीकडे ते नाहीत.

जुनं दप्तर:
प्लॉटवाले, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. कागदपत्रं आपोआप सरळ होत नाहीत. शेतजमीन एन.ए. न करता, लेआउट मंजूर न करता, बाँड पेपरवर गुंठ्यागुंठ्यानं विकलेली असेल तर ती पट्टण पंचायतीतही तशीच राहते. ई-स्वत्तू (ग्रामपंचायतीची ऑनलाइन मालमत्ता नोंद) जाऊन नागरी ई-खाता येईल, पण खातं कुठल्या प्रकारचं मिळणार ते मूळ मंजुरीवर ठरतं. आणि शहरालगतच्या बऱ्याच गावांत आराखडा आधीपासून बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हातात आहे. ग्रामपंचायत असो की पट्टण पंचायत, लेआउटसाठी तिकडेच जावं लागतं.

हे स्पष्ट लिहितो, कारण दलाल आत्ताच सांगत सुटलेत की ‘हद्दीत आलं की सगळं लीगल’. त्या भरवशावर कुणी प्लॉट घेऊ नये.

पाटीपेन्सिल:
मी शिक्षिका आहे. एक मुद्दा कुणीच काढत नाही, म्हणून लिहिते.

सीईटीला ग्रामीण कोटा १५ टक्के असतो. त्यासाठी पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकल्याचं प्रमाणपत्र लागतं. पट्टण पंचायतीचा भाग त्यात ग्रामीण धरत नाहीत. आज आमच्या वर्गात पाचवी-सहावीत असलेली मुलं भाताच्या शेतातून चालत शाळेला येतात. हद्दीची रेघ शाळेच्या या अंगाला पडली की त्या अंगाला, यावर त्यांचा इंजिनिअरिंगचा, अॅग्रीचा प्रवेश ठरू शकतो. मराठी माध्यमातल्या मुलांना कन्नड माध्यमाच्या कोट्याचा उपयोग नाहीच. ग्रामीण कोटा हाच त्यांचा आधार आहे.

पट्टण पंचायतीला माझा विरोध नाही. पण नकाशा काढताना शाळा कुठे आहे आणि मुलं कुठून येतात ते बघितलं पाहिजे. तिसऱ्या गावातली मुलं कुठल्या शाळेत जातात, शिवारकर?

शिवारकर:
ताई, चौथीपर्यंत त्यांच्याच गावात, पुढे आमच्या गावात. म्हणजे त्यांचं गाव बाहेर ठेवलं तरी शाळा आत जाणार! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाटीपेन्सिल:
म्हणूनच लिहिलं. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आधी लेखी विचारून घ्या. ज्या मुलांची निम्मी वर्षं आधीच ग्रामीण शाळेत गेली त्यांचं काय, हे ग्रामसभेत पालकांना सांगता आलं पाहिजे.

सातबारा_ते_पहाणी:
जमिनीच्या भावाचं बोला की. हद्दीत गेलं की शेत विकल्यावर इन्कम टॅक्स लागतो. त्यामुळे शेतकऱ्यानं हद्दीत जाऊच नये.

हिशेबनीस:
अर्धं बरोबर. शहराच्या हद्दीबाहेरची शेतजमीनही ठरावीक अंतरापर्यंत करात येते. जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, त्यापुढे ८. अंतर हवाई मोजतात, रस्त्यानं नव्हे. बेळगाव शहर २०११ लाच पावणेपाच लाखांच्या पुढे होतं, त्यामुळे महापालिका हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतल्या गावांना तो कर आजही लागू आहे. शिवारकरांचं गाव शहराला टेकलेलं म्हणजे या मुद्द्यानं त्यांचं काही बदलत नाही. आणखी लांबच्या गावात असतं तर वेगळं.

खरा फरक भूसंपादनात पडतो. २०१३ च्या कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला १ ते २ च्या दरम्यान गुणक लावतात, नागरी भागात गुणक १. बेळगावभोवती रिंग रोड आणि हलगा-मच्छे बायपास यांवरून शेतकरी किती वर्षं झगडतायत ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचं शेत रस्त्याच्या आखणीत येऊ शकतं त्यांनी हद्दीची रेघ आधी बघावी. आज गेलेल्या शेताचा पैसा कमी आला तर ती भरपाई पुढे कुठून काढणार?

सातबारा_ते_पहाणी:
६ किलोमीटरचं माहीत नव्हतं. धन्यवाद हिशेबनीस. गुणकाचं मात्र पक्कं लक्षात ठेवतो.

वेशीवरचा:
आम्ही जवळपास दहा वर्षं पट्टण पंचायतीत आहोत. कुठली ते सोडा, चिकोडीच्या बाजूची. धागाकर्त्यानं ‘नंतर काय भोगलं’ असं विचारलंय, त्याचं उत्तर देतो.

आमच्याकडे पूर्ण महसूल गाव न घेता वस्ती बघून सर्व्हे नंबर उचलले. कागदावर सुटसुटीत वाटलं. प्रत्यक्षात माझ्या चुलत्याचं घर पट्टण पंचायतीत आणि गोठा शेजारच्या ग्रामपंचायतीत. एकाच सर्व्हे नंबरचे हिस्से दोन्हीकडे. पाण्याची टाकी उंचावर, म्हणून ती बाहेर राहिली. तिची दुरुस्ती कुणी करायची यावर दोन उन्हाळे पत्रव्यवहार. स्मशानाची जागा बाहेर, रस्ता आत. गायरान दोघांत वाटलं गेलं आणि ज्या तुकड्यावर कुणाचं लक्ष नव्हतं तिथे अतिक्रमण झालं.

पहिली निवडणूक होईपर्यंत प्रशासक होता. तो माणूस चांगला होता, पण त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जायला आमचा म्हणावा असा सदस्य कुणी नव्हता.

फायदाही सांगतो. मुख्य रस्त्याची गटार झाली, कचरा गाडी रोज येते, बाजाराच्या दिवशी झाडलोट होते. घरपट्टी वाढली, आता ती मार्गदर्शक मूल्यावर बसते. बाजारपेठेतल्या दुकानदाराला परवडतं, मागच्या आळीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला जड जातं.

म्हणून माझं म्हणणं: पूर्ण महसूल गाव आत, नाहीतर पूर्ण बाहेर. तुकडा करू नका.

नदीपल्याड:
वेशीवरचा यांना +१. चंदगड तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे महाराष्ट्रात नगरपंचायतीला शेतीबाहेरचा रोजगार २५ टक्के असला तरी चालतो, तुमच्याकडे ५०. तरी भांडणं सारखीच.

कोल्हापूरची हद्दवाढ १९७२ पासून अडलेली आहे. शहर म्हणतं गावं आमच्या सोयी वापरतात, गावं म्हणतात आमची शेती आणि पंचायत आम्हाला हवी. मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं, त्यावरही नाराजीच जास्त. पण एक गोष्ट तिथल्या गावांनी केली: गप्प बसली नाहीत. प्रत्येक वेळी ग्रामसभा, ठराव, मोर्चा. शिवारकरांच्या तिसऱ्या गावानंही ग्रामसभेचा ठराव आधी करून ठेवावा.

लक्ष्मीचा_गाडा:
सगळं ठीक, पण लक्ष्मीची यात्रा झाल्यावर देवीला सीमेवर न्यायची ती कुठल्या सीमेवर? नवीन हद्दीवर नेली तर गाडा ओढून दुसऱ्या दिवशी पोचू आपण. भंडारा पुरायचा नाही 😄

मार्कंडेयकाठ:
😂 आणि बैलं वाटेत इचारतील, मालक, अजून किती लांब?

आजोळ_उचगाव:
हसा, पण यात्रेचा प्रश्न बारीक नाही. देवीची सीमा ठरलेली आहे, तिला राजपत्र लागत नाही आणि ती बदलणारही नाही. मात्र गदगेची (यात्रेत देवी बसते ती) जागा, यात्रेचं मैदान, इंगळ्यांची जागा या पुष्कळ गावांत सरकारी किंवा गायरानातल्या आहेत. हद्द बदलली की त्यांची परवानगी, भाडं, देखभाल नव्या संस्थेकडे जाते. आधी पंचायतीत पाच माणसं बसून ठरायचं. नकाशात या जागांवर खूण करून घ्या, आणि त्या सार्वजनिक वापराच्या म्हणून ठरावात नोंदवा. नंतर तिथे व्यापारी गाळे उठले तर कुणाला धरणार?

सीमाभाग_५६:
इतकी चर्चा झाली, तरी मुळाशी कुणी गेलं नाही. आपण १९५६ पासून काय मागतोय? खेडं हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा आणि लोकांची इच्छा विचारा. पाटसकर सूत्र ते हेच. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात ते नाकारलं, बेळगाव कर्नाटकात ठेवलं आणि २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला अशी वाटणी सुचवली, हे आपल्या घराघरात माहीत आहे. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

मग आज आपल्याच हातात नकाशा आल्यावर आपण त्या तिसऱ्या गावाला न विचारता आत ओढणार? जे तत्त्व आपण दिल्लीपुढे मांडतो ते नाल्यापलीकडच्या गावाला लावायला नको? माझा यावर ठाम विश्वास आहे. खेडं हा घटक म्हणजे त्या खेड्याला स्वतःचं मत आहे. ते लहान आहे म्हणून ते मत आकडा भरायला वापरता येत नाही.

कन्नड_शेजारी:
घरात कन्नड, शाळा मराठी, म्हणून इथे लिहितो. सीमाप्रश्नावर माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे, ते इथे नको. पण वरचा शेवटचा परिच्छेद मला शंभर टक्के मान्य. आमच्या गल्लीत कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही घरं आहेत आणि तुंबलेली गटार तिघांची एकच.

एक भीती मात्र दोन्हीकडून ऐकतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हाशिवाय होते, पट्टण पंचायतीची चिन्हावर. गावातली नाती चिन्हावर फुटतात. प्रभाग आखताना कुणाची गल्ली कुठल्या प्रभागात टाकली यावरून पुन्हा भांडण. बाहेरची हद्द ठरवताना आतल्या प्रभागांचाही विचार करा, नाहीतर छोटी वस्ती मोठ्या प्रभागात बुडते.

जुनं दप्तर:
याला आकडा जोडतो. ग्रामपंचायतीत दर ४०० लोकांमागे एक सदस्य. १०,००० लोकांना २५. पट्टण पंचायतीत इतके मिळत नाहीत. तालुक्याचं ठिकाण असलेल्या खानापुरातही प्रभाग २०. म्हणजे तुमच्या तिसऱ्या गावाचे आज तीन-चार सदस्य असतील तर उद्या एखादाच, तोही दुसऱ्या वस्तीबरोबर वाटून. आणि कायद्यानं बंधनकारक अशी ग्रामसभा नागरी भागात उरत नाही. मार्कंडेयकाठ यांना विचारायची जागाच तिथे जाते.

प्रशासकाचंही वेशीवरचा बरोबर बोलले. बेळगाव महापालिकेची मुदत २०१९ ला संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. जिल्हा पंचायतीची निवडणूक २०१६ ची, मुदत २०२१ ला संपली, आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच. हे गृहीत धरून चाला.

प्लॉटवाले_आम्ही:
ग्रामसभा जाणार हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ग्रामसभेला जातो. लेआउटचे लोक येत नाहीत असं गावात म्हणतात, पण गेल्या वेळी आम्ही वीसजण होतो.

तरीही मला दर्जा हवाच. मला वाटतं रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दोन गावं घ्यावीत. आमचं सांडपाणी आमच्याच हद्दीत शुद्ध करायची जबाबदारी नव्या संस्थेवर पडेल, नाल्यापलीकडे ढकलता येणार नाही.

बांधावरून:
सांडपाण्यावरून नाल्याचं बोलतो, कारण शिवारकर ‘हद्द नाल्याशी थांबावी’ म्हणतात. कुठल्या काठाशी?

हद्द नाल्याच्या मधोमध गेली की नाला कुणाचाच राहत नाही. गाळ काढायचा तर पट्टण पंचायत म्हणते अर्धा त्यांचा, ग्रामपंचायत म्हणते घाण शहराची. आम्ही बळ्ळारी नाल्याकाठचे शेतकरी. शहराच्या कडेनं, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातून जातो तो. दर पावसाळ्यात पाणी भातात शिरतं, रोपं कुजतात, दुबार लावणी करावी लागते. गाळ काढा म्हणून निवेदनं देऊन देऊन शेतकरी थकले. नाला अनेकांच्या हद्दीतून जातो, आणि कामाच्या वेळी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

म्हणून पूर्ण नाला, दोन्ही काठांसकट, घाण करणाऱ्याच्या हद्दीत टाका. म्हणजे पट्टण पंचायतीत. हद्दीचा दगड पल्याडच्या काठावर बसवा. महसूल गावाची शीव नाल्याच्या मधून जात असेल तर तेवढी पट्टी जोडायची मागणी करा. ‘तुकडा करू नका’ हा वेशीवरचा यांचा नियम मला मान्य आहे, पण नाल्यासाठी हा एक अपवाद करावाच लागेल.

वेशीवरचा:
हा अपवाद मलाही मान्य. फक्त पट्टीत कुणाची विहीर किंवा मोटार बसत असेल तर आधी त्याच्याशी बोला.

कचऱ्याचा_डोंगर:
आणि कचरा कुठे टाकणार हे नकाशात दाखवा. पट्टण पंचायत झाली की घनकचऱ्याची जागा लागतेच. बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो, त्या भागातल्या लोकांना वासाचं, माशांचं, विहिरींच्या पाण्याचं विचारा. तुमच्या तिसऱ्या गावाला आत घेण्यामागे त्यांचं माळरान हे कारण नाही ना? शिवारकर, तेवढं तपासा.

शिवारकर:
तपासलं. तिसऱ्या गावाच्या वरच्या अंगाला सरकारी पड जमीन आहे. कच्च्या नकाशावर तिथे काही लिहिलेलं नाही, पण बैठकीत एकानं ‘कचऱ्याला तिकडं जागा आहेच’ असं सहज म्हटलेलं मला आता आठवतंय. यावर मी उघड प्रश्न विचारणार आहे.

मोजणीदार:
सगळे वाद बाजूला ठेवून तारखा बघा. जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या प्रशासकीय हद्दी गोठवल्या आहेत. गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. तोवर गावाची, तालुक्याची, पट्टण पंचायतीची हद्द बदलत नाही. म्हणजे आत्ता कितीही घाई केली तरी तुमची अंतिम अधिसूचना त्याआधी येणार नाही.

आणि नवे आकडे प्रसिद्ध झाले की २०११ चा आकडा मागे पडतो. रस्त्याकडची सगळी नवी वस्ती तेव्हा मोजली गेलेली असेल. तुमची दोन गावं मिळून १०,००० च्या वर सहज जातील असं वर्णनावरून वाटतं. तसं झालं तर तिसरं गाव ओढण्याचं कारणच उरत नाही. घनताही वाढेल, शेतीबाहेरच्या रोजगाराची अटही सोपी होईल.

त्यासाठी एक काम आत्ता करा: लेआउटमधल्या प्रत्येक घराची नोंद तुमच्या गावात होऊ द्या. पुष्कळजण रेशन कार्ड शहरातलं आहे म्हणून मोजणीलाही ‘आम्ही शहरातले’ म्हणतात. जिथे राहता तिथेच मोजले जाता, कार्डाचा संबंध नाही.

प्लॉटवाले_आम्ही:
हे आमच्या गटावर आजच टाकतो. प्रत्येक दाराला जाऊन सांगायची जबाबदारी माझी.

सातबारा_ते_पहाणी:
पण थांबेपर्यंत महापालिकेनं हद्दवाढीत गिळलं तर? चर्चा अधूनमधून उठतेच.

मोजणीदार:
गोठवलेली हद्द महापालिकेलाही लागू आहे. तेवढा वेळ सगळ्यांनाच मिळालाय. तो वेळ ठराव आणि नकाशा पक्का करायला वापरा.

मार्कंडेयकाठ:
शिवारकर भाऊ, तुमच्या तिसऱ्या गावाची माणसं तुमच्या नकाशाला बसवून घ्या. रागानं न्हाई, चहाला बोलवा. आमाला कुणी तसं बोलवलं असतं तर आमी बी आमच्या नाल्याचं सांगितलं असतं.

शिवारकर:
येत्या रविवारी तेच करणार आहे. तिन्ही गावांतली माणसं, लेआउटची माणसं आणि शाळेतले शिक्षक. दोन गावं पूर्ण महसूल हद्दीसकट आत, नाला दोन्ही काठांसकट आत, तिसरं गाव त्यांनी स्वतः ग्रामसभेत ठराव करून मागितलं तरच, असा प्रस्ताव मांडतो. कचऱ्याची जागा आमच्याच हद्दीत दाखवायची, हेही लिहून देतो.

एक शेवटचं विचारायचंय. प्रत्यक्ष हद्द तपासायची तर कुठले कागद काढू?

जुनं दप्तर:
सर्व्हे ऑफिसातून दोन्ही गावांचे गावनकाशे, आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्राची नोंद) आणि शिवेवरच्या सर्व्हे नंबरांच्या टिप्पण्या (मोजणीची रेखाटनं) काढा. मग नकाशा हातात घेऊन शीव चालत फिरा, शक्यतो भात कापणीनंतर, म्हणजे दगड दिसतात. जुने हद्दीचे दगड गेलेत तिथे फोटो काढून तलाठ्याला लेखी कळवा.

मसुदा राजपत्रात येईल तेव्हा त्यात चतुःसीमा आणि सर्व्हे नंबरांची यादी असते, आणि हरकतींसाठी साधारण ३० दिवस मिळतात. मसुदा कन्नडमध्ये असतो. यादीतला एकेक नंबर आकारबंदाशी ताडून बघा. एक नंबर गळला किंवा जादा पडला तर हरकत त्याच मुदतीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, पोच घेऊनच द्या.

कन्नड_शेजारी:
मसुदा वाचून मराठीत सांगायला मी येतो. तारीख कळवा, दोन दिवस आधी सांगितलं तरी चालेल.